तोंड तिचं, फोटो दुसऱ्याचा

नोकरीत बरंच काही पाहिलं. पण त्या दुपारी ग्रामपंचायतीच्या दारावर बसणाऱ्या लाथांचा आवाज अजून कानातून गेलेला नाही.

मी तेव्हा भोकर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. जेवण उरकून टपाल पाहत होतो, तोच एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, लवकर या. पोरं पळवणारी बाई सापडली म्हणून लोक जमा होऊन राहिले. सरपंचबाईंनी तिला आत कोंडलंय, पण दार टिकायचं न्हाई."

ठाणे अंमलदाराला जादा कुमक मागवायला सांगून मी पाच जणांसह निघालो. गावात दोन-तीनशे माणसं होती. हातात दगड, काठ्या, आणि मोबाईलवर एकच फोटो. "बघा साहेब, हीच ती!" फोटोत कडेवर लहान मूल घेतलेली बाई, वर मथळा : 'मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात दाखल'. चिडलेल्या जमावाला दरडावता येतं. हा जमाव भ्यालेला होता, आपापल्या लेकरांसाठी. तो ऐकत नसतो.

आत ती कपाटाआड अंग चोरून बसली होती. पन्नाशीची, लातूर जिल्ह्यातली. बायकांचे गळालेले केस घ्यायचे आणि बदल्यात भांडी द्यायची, हा तिचा धंदा. दोन महिला शिपायांच्या मधे बसवून तिला जीपमधून गावाबाहेर काढलं. एक दगड मागची काच फोडून आत आला.

ठाण्यात पाणी पिऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "साहेब, मी त्या गावात कधीच गेले नव्हते. माझा फोटो माझ्याआधी कसा पोचला तिथं?"

"फोटोतलं मूल कुणाचं?"

"नात हाय माझी. जत्रंत एकानं काढला होता."

बातमी नांदेडहून चालणाऱ्या एका वेबसाइटची होती. तिच्या मालकाला चौकशीसाठी बोलावलं. शिकलेला, शांत माणूस.

"फोटो कुणाचा?"

"नेटवर होता साहेब. खाली 'छायाचित्र : इंटरनेट' असं लिहिलंय आम्ही. बातमीला काहीतरी फोटो लागतोच."

"या बाईला विचारलं होतं?"

"ती कोण, हेच माहीत नव्हतं."

हे तो स्वतःच्या बचावासाठी सांगत होता.

दुवा सापडला तो आमच्या एका महिला शिपायाला. तिने फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यात कापलेल्या नावाची तीन अर्धवट अक्षरं शिल्लक होती. बाईकडून जत्रेचं ठिकाण विचारून तिने उदगीरकडच्या स्टुडिओंना फोन लावले. चौथा फोन लागू पडला. दुसऱ्या दिवशी तो फोटोग्राफर मूळ फोटो घेऊन आला. त्याने तो कौतुकाने इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला होता, खाली स्वतःचं नाव घालून. वेबसाइटवाल्याचा संगणक जप्त केला, तेव्हा नावासकट तोच फोटो त्यात निघाला.

तो समोर ठेवल्यावर मालकाचा चेहरा उतरला. म्हणाला, "नाव ठेवलं असतं तर परवानगी मागावी लागली असती."

अफवा पसरवल्याचं आणि कॉपीराइट कायद्याचं, अशी दोन्ही कलमं लावली. दारावर लाथा घालणाऱ्यांवर वेगळा गुन्हा दाखल झाला. पण फोटो तोवर आणखी डझनभर वेबसाइटवर गेला होता. प्रत्येकाचं उत्तर एकच, आम्ही त्यांच्याकडून घेतला. फोटोवर मालकी हक्क फोटोग्राफरचा असतो, त्याने कळवलं तर तो वेबसाइटवरून लवकर निघेल, असं मी बाईला समजावलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तोंड माझं, अन् हक्क त्याचा?"

शेजारी बसलेला फोटोग्राफरच म्हणाला, "हाव मावशी. म्हणून तो काढून टाकायची जबाबदारी बी माझीच." तीन दिवस आमच्या ठाण्यात बसून त्याने एकेकाला लेखी कळवलं. बहुतेकांनी फोटो काढून टाकला. परराज्यातल्या एका वेबसाइटने उत्तरच दिलं नाही.

साक्षीच्या दिवशी ती नाकापर्यंत पदर ओढून न्यायालयात आली. न्यायाधीशांनी चेहरा दाखवायला सांगितल्यावर तिने आधी तिथे बसलेल्या प्रत्येक माणसाच्या हाताकडे पाहून घेतलं. कुणाच्या हातात मोबाईल नाही, हे पटल्यावरच पदर सोडला.

फोटो नेटवर आधीच होता, ही सबब मी त्यानंतर कधी ऐकून घेतली नाही. जो उचलून पुन्हा छापतो, त्याची जबाबदारी तिथून नव्याने सुरू होते. कापलेल्या त्या नावाच्या माणसाला एक फोन केला असता, तर बाई कोण आणि मूल कुणाचं, हे दोन मिनिटांत कळलं असतं.

तिने गावोगाव फिरणं सोडलं. आता लातुरात एका वसतिगृहात पोळ्या लाटते. निवृत्तीनंतर एकदा भेटायला गेलो, तेव्हा काम कसं आहे म्हणून विचारलं.

"बरं हाय साहेब," ती म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून बसायचं असतं."