काळजीपूर्वक वाचावी अशी सूचना

माझी फजिती मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली तर पदरची मीठमिरची घालेल, आणि इथे तर त्याची गरजही नाही.

आरमोरीच्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. विद्यापीठाचं पत्र आलं: काही विद्यार्थ्यांना अध्ययन अक्षमता असते, म्हणजे डोकं शाबूत पण अक्षरं नजरेसमोर ठरत नाहीत. अशांना शोधा, परीक्षेत सवलत द्या.

मी शोधलं. कसं? फलकावर सूचना लावली. बारीक टाइपाच्या बावीस ओळी. शेवटी ठसठशीत: 'सूचना काळजीपूर्वक वाचून स्वहस्ताक्षरात अर्ज करावा.'

पंधरा दिवसांत एक अर्ज नाही. मी विद्यापीठाला कळवलं, 'निरंक'. मनात म्हटलं, काय निरोगी तालुका आहे.

परीक्षेला आठवडा उरला आणि रुबीनाबाई आल्या. दोन लेकरांची आई, बाजारात शिवणाचं दुकान, बी.ए.चं शेवटचं वर्ष. दोनदा नापास. यंदाही गेल्या तर सासरे शिकणं बंद करणार होते. हातात नागपूरच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट.

"सूचना वाचली नाही का?" मी चष्म्यावरून विचारलं.

"भाऊ, ते वाचता आली असती तं मी इथी आलीच काऊन असती?"

शिपाई फिस्सकन हसला. त्याला मी घंटा द्यायला पाठवलं. तास संपायला वीस मिनिटं होती, पण ते असो.

विद्यापीठात धावलो. तिथला बाबू म्हणाला, "तुमी तं निरंक लिवलं होतं. मंग हे बाई कुठून उगवली?"

चूक माझी, असं लेखी दिलं तेव्हा मंजुरी मिळाली. अट एकच: बाई सांगतील ते लिहिणारा माणूस त्यांच्यापेक्षा कमी शिकलेला हवा.

आता शोधा. अकरावीची पोरं मोहफुलं वेचायला गावी गेलेली. शिपाई एम.ए., चौकीदार बी.एड. प्राचार्य माझ्याकडे वळले.

"भाऊ, तुमचं शिक्षण किती?"

घरी पुस्तकांची दोन कपाटं आहेत हो माझ्या. पण कागदोपत्री बारावी.

"झालं तं," रुबीनाबाई म्हणाल्या, "भाऊच बसतीन."

बसलो. बाई धडाधड उत्तरं सांगायच्या. आणि मी? तीस वर्षं टाइपरायटरवर काढलेली. हातानं फक्त सही. दुसऱ्या प्रश्नालाच बोटं आखडली.

"भाऊ, थांबू का? दम घ्या जरासा."

बाई पास झाल्या, तेही सेकंड क्लासात. विद्यापीठानं त्यांना दर तासाला वीस मिनिटं जास्तीची दिली होती. त्यातलं एकही त्यांना लागलं नाही. सगळी मलाच लागली, आणि तरी शेवटचं उत्तर अर्धंच राहिलं.