फक्कीची रेषा

सुजाताताईवर अन्याय झाला तो कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, उपांत्य सामन्याच्या आदल्या संध्याकाळी. क्रीडाशिक्षकांनी मुलींचा फुटबॉल संघच स्पर्धेतून काढून घेतला. वर विचारलं, "पुढं खेळून करणार काय?" त्यांना कुणीही जाब विचारला नाही.

ताईनं खेळ सोडला. मग शेजारच्या दोघींना अंगणात पास द्यायला शिकवू लागली. त्यांच्या मैत्रिणी आल्या, अंगण पुरेना, आणि पेठेत मुलींचा संघ उभा राहिला.

काल सकाळी ती मैदानावर वाकून फक्की टाकत होती. मुठीतून पांढरी रेषा सरळ उतरत होती. आम्ही महिला संघटनेच्या पत्रकांत 'मैदान आमच्याही हक्काचं' असं ठळक छापतो. इथं एक बाई तेच मातीवर लिहीत होती, आणि ते जास्त स्पष्ट वाचता येत होतं.

तेवढ्यात क्रिकेटवाल्यांनी रेषेच्या आत स्टंप ठोकले.

"ओ ताई, पोरींना तिकडं कोपऱ्यात खेळवा की!"

"कोपऱ्यातून आम्ही फक्त कॉर्नर मारतो, दादा. स्टंप उचला."

ते हसत उभेच राहिले. ताईनं शिट्टी फुंकली. बॉल पायात घेऊन सगळ्या पोरी सरळ स्टंपांवर धावत सुटल्या. दादांनीच घाईघाईनं स्टंप उपटले. एकाची चप्पल आतच राहिली. काय सुंदर धूळ उडाली होती!

तुमच्या घरात शाळकरी मुलगी आहे ना? मग उद्या सकाळी तिला झाडू देऊ नका, मैदानावर आणून सोडा.