भांडायला जर्मन

आमच्या सासूबाईंना, म्हणजे अक्कांना, गोड बोलणाऱ्या माणसाचा संशय यायचा. धुळ्यातल्या आमच्या गल्लीत त्यांच्याशी भांडण न झालेलं घर नव्हतं, तरी पापड लाटायला सगळ्या बायका आमच्याच ओट्यावर जमायच्या. माझं आणि त्यांचं तर मांडवातच बिनसलं. दिवसभर आम्ही अहिराणीत कडकडून भांडायचो आणि संध्याकाळी एकत्र भाजी निवडायचो.

माझा धाकटा दीर जर्मनीत. तिथलीच बायको केली, आणि मग आखाजी-दिवाळीला त्याचं येणं बंद झालं. का येत नाही म्हणून विचारलं की सांगायचा, "तिले नही आवडत, माय." फोनच्या पडद्यावर जाऊबाई नुसती हसायची. ती काय बोलते ते दीर अहिराणीत सांगायचा, अक्कांचं तिला जर्मनमध्ये. अक्का त्या हसण्यावर जळायच्या. "जी भांडस नही, ती सून कसानी? पाव्हनी!"

एक दिवस साठी उलटलेल्या अक्का साक्री रोडवरच्या जर्मनच्या क्लासला जाऊन बसल्या. बाकी मुली नर्सिंगच्या, शिरपूर-साक्रीकडच्या. जर्मन कशासाठी, असं सरांनी प्रत्येकीला विचारलं. बहुतेकींनी नोकरी सांगितली. एकीने लग्न लांबवायचंय असं खरं सांगून टाकलं. अक्का म्हणाल्या, "माले सूनसंगे भांडनं शे." सर ‘धन्यवाद’, ‘कृपया’ असले शब्द शिकवू लागले तेव्हा त्यांनी अडवलं. "आभार ऱ्हाऊ दे, भाऊ. रागना शब्द सांग."

मला वाटलं, महिन्याभराचं खूळ. पण नोकरीवाल्या निम्म्या मुली गळाल्या, अक्का टिकल्या. राग हा चिवट असतो. भाकरी थापता थापता त्या मला जर्मनमध्ये झापायच्या. कळत नसलं तरी मी उलट उत्तर द्यायचेच.

मग एका दुपारी, दीर कामावर असेल अशी वेळ बघून, त्यांनी जाऊबाईला फोन लावला. मी शेजारी भरताची वांगी भाजत होते. माझ्या मुलाला का अडवतेस, म्हणून अक्कांनी घोकलेलं सगळं भांडण एका दमात ओतलं. जाऊबाईचं हसू गेलं. मग तीही चढ्या आवाजात बराच वेळ बोलली. अक्का मधेमधे तिला हळू बोलायला सांगत होत्या. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या.

"ती म्हनस, मी दरसाल येवाले तयार शे. तो तिले सांगस, मनी मायले तू घरमा नको."

त्यालाच धुळ्याला यायचं नव्हतं. मधे बसून तो दोन्हीकडे खोटं पुरवत होता. मी म्हटलं, वांगी करपली. अक्का त्यावरूनही भांडल्या नाहीत, तेव्हा मी घाबरले.

पितळ उघडं पडल्यावर दीर धावत आला. एकटाच. ओट्याशी वाकून म्हणाला, "माय, ऐक ना." अक्कांनी त्याला जर्मनमध्ये उत्तर दिलं. तो अहिराणीत विनवत राहिला, या जर्मनमध्येच बोलत राहिल्या. जेवायचं विचारलं तेही तसंच. तो परत गेला त्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, पोटना पोर शे, ऱ्हाऊ द्या."

"घरनी बोली घरनासाठे शे," त्या म्हणाल्या.

जाऊबाईशी मात्र त्या दर रविवारी फोनवर भांडायच्या.

शेवटच्या दुखण्यात मी दिराचा फोन त्यांच्या कानाला लावून धरला. पलीकडे तो रडत होता, मला ऐकू येत होतं. अक्कांनी जर्मनमध्येच त्याचा निरोप घेतला, शब्द जुळवत, सावकाश. मग फोन माझ्याकडे ढकलला आणि वाटीकडे बोट दाखवलं.

"खिचडीमा मीठ काय तुनी माय टाकी?"