अक्कांनी फिल्टर निवडला तेव्हा

तुमच्या घरचं पाणी पिण्याजोगं आहे, हे तुम्ही कशावरून ठरवता? गोड लागतं म्हणून? शेजारी पितात म्हणून? की कुणी चकचकीत डबा भिंतीला टांगून गेला म्हणून? हा प्रश्न आमच्या गल्लीत सगळ्यांत आधी अक्कांना पडला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्या पाण्याचा पेला उन्हात धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि आत बघत राहायच्या. पेला स्टीलचा असला तर काचेचा मागवायच्या. यजमान घामाघूम, आणि नवरदेव हातातला घास तसाच धरून निकालाची वाट बघतोय, हा देखावा चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावाने कितीदा तरी पाहिला.

अक्का विक्रेत्याचं गुणगान ऐकून घेत नसत. "चांगलं ते बठ्ठाच सांगतस. काय जमत नही, ते पयले सांग भो!" छत्रीवाला असो, फवारणीचं औषध विकणारा असो की मत मागायला आलेला उमेदवार, प्रश्न तोच. मुलीला, सुमनला, बघायला धुळ्याहून मुलगा आला, त्यालाही त्यांनी तेच विचारलं. तो गडबडून म्हणाला, "मला पोहता येत नाही. आणि आईपुढे बोलता येत नाही." अक्कांनी तिथल्या तिथे साखर वाटली.

पुढे त्याच आईने घोळ घातला. पावसाळ्यात आमच्या गल्लीत कावीळ आली, अक्कांचे यजमान नाना हळदीसारखे पिवळे झाले आणि जेमतेम उठले. सुमनला दिवस गेल्यावर विहीणबाईंनी निरोप धाडला, "तुमच्याकडच्या पाण्याचा भरवसा नाही. बाळंतपण धुळ्यालाच होईल." अक्का कडाडल्या, "पयलं बायतपन माहेरलेच व्हई!" आणि त्यांनी घरात फिल्टर आणायचं ठरवलं.

त्यांनी जळगावहून तीन विक्रेते एकाच दिवशी बोलावले आणि तिघांना एकाच बाजेवर बसवलं. एकाकडे मातीच्या कँडल बसवलेला स्टीलचा फिल्टर, दुसऱ्याकडे विजेवर चालणारं यंत्र, तिसऱ्याकडे नळाच्या तोटीला लावायची कोळशाची डबी. परीक्षा अर्थातच डाळीची. आमच्याकडे पाण्याची पारख तूरडाळच करायची. बोअरच्या खारट पाण्यात ती खड्यासारखी राही, नळाच्या पाण्यात लोण्यासारखी विरघळे. म्हणून नळाचं पाणी गोड, आणि गोड म्हणजे चांगलं! अंगणात चुली मांडल्या. तिन्ही फिल्टरांतून नळाचं पाणी काढून डाळ शिजत घातली, आणि तुलनेला एका पातेल्यात नुसतंच नळाचं.

सगळ्या पातेल्यांतली डाळ मऊसूत शिजली. तिन्ही विक्रेते छाती काढून बसले, गल्लीतल्या बायांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात अक्कांचं लक्ष चौथ्या पातेल्याकडे गेलं. त्यातली डाळही तितकीच मऊ होती.

"अवो माय!" अक्का ओरडल्या. "नाना पिव्वे व्हयनात, तवय बी दाय शिजेच ना वं!"

मग नानाच पोट धरून हसायला लागले आणि गल्लीभर हशा उसळला. ज्या पाण्याने त्यांना आडवं केलं, त्याला आम्ही सगळे डाळीच्या भरवशावर शाबासकी देत होतो! डाळीला पाण्यातला क्षार कळतो, जंतू कुठून कळणार?

आता अक्का बाजेकडे वळल्या. प्रश्न तुम्हाला ठाऊक आहेच. यंत्रवाला म्हणाला, "लाईट गेली की बंद. आणि गढूळ पाण्यात नीट काम करत नाही." डाळ शिजत असतानाच लाईट गेली होती. डबीवाला म्हणाला, "वास जातो." "आजून?" "वासच जातो, अक्का." पुन्हा हशा. कँडलवाला मान खाली घालून बोलला, "गाळ अडतो, बरेच जंतू अडतात. काविळीची खात्री मी देत नाही." अक्कांनी त्याला चहा पाजला आणि त्याचाच फिल्टर घेतला. उरलेल्या कामाला चूल होतीच. पाणी उकळून प्या, हे नर्सबाई नानांच्या आजारपणातच सांगून गेल्या होत्या. सरपण जळतं म्हणून आम्ही कुणी मनावर घेतलं नव्हतं.

विहीणबाई तपासणीला आल्या त्या पदराच्या गाठीत धुळ्याची तूरडाळ बांधून! डाळ शिजली, विहीणबाई प्रसन्न झाल्या. "छान आहे हो पाणी. पाठवते सुमनला." नानांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण अक्का आपल्या ठेवणीतल्या मराठीत म्हणाल्या, "डाळ पाहून हो म्हणू नका. ती गटारच्या पाण्यातबी शिजते. हा फिल्टर एकटा कावीळ अडवत नाही. मी गाळून उकळते. माझा भरवसा वाटत असेल तरच पोर पाठवा."

नानांनी कपाळाला हात लावला. हातातोंडाशी आलेली लेक ही बाई परत धाडतेय! विहीणबाईंनी डाळीचं पातेलं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलला असतात तरी मला कळलं नसतं." आणि उकळून गार केलेलं पाणी पेलाभर प्यायल्या. सुमन माहेरी आली. मुलगी झाली. बारशाला विहीणबाई स्वतः चुलीपुढे बसून पाणी उकळत होत्या आणि जवळ येईल त्याला दटावत होत्या.

सुमन सासरी परतली त्या संध्याकाळी अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मला वाटलं, लेकीची आठवण येतेय. त्या म्हणाल्या, "घरना पानीनी सोय व्हयनी. गल्लीना पानीनं काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला नळाच्या पाइपाच्या कडेकडेने चालवलं. चिरलेला पाइप गटारात बुडालेला सापडला; नळ गेला की गटाराचं पाणी त्याच चिरेतून आत शिरत होतं. तो बदलून मिळेपर्यंत ग्रामपंचायतीच्या ओट्यावरून अक्का हलल्या नाहीत, आणि आम्हालाही हलू दिलं नाही.

अक्का आता नाहीत. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. फिल्टर हवा तो घ्या, पण उद्या नळ आला की घराबाहेर पडा आणि तुमचा पाइप कुठून कुठून येतो ते चालत जाऊन बघा. वाटेत गटार लागलं, तर एकट्याने घरी परतू नका. शेजारचं दार वाजवा.