टोमॅटो न लावलेल्या वर्षीचा भाव

तमिळ मुलखात, अंबत्तूरच्या ऑफिसात मला घेतलं ते मराठी येतं म्हणून. आमची कंपनी शेतकऱ्यांना रोज सकाळी फोनवर बाजारभाव कळवायची. मराठीतले भाव माझ्या आवाजात जायचे. सुरुवातीला सेवा फुकट होती. मग पैसे आकारायचं ठरलं आणि ‘महिन्याला किती द्याल?’ हे फोन करून विचारायचं काम माझ्याकडे आलं.

मला ते मनापासून आवडलं. अण्णा नगरच्या हॉस्टेलवर सगळं तमिळ, ऑफिसात इंग्रजी. खोलीतली मुलगी फोनवर वडिलांना “अप्पा” म्हणाली की मला भरून यायचं, कारण आम्हीही वडिलांना अप्पाच म्हणतो. आता दिवसभर मराठी कानावर पडायचं. पलीकडे पाण्याची मोटार चालू असायची, कुणी कुणाला हाक मारायचं. मी प्रश्न मुद्दाम सावकाश विचारायचे.

बहुतेक जण नाही म्हणायचे. एक जण म्हणाले, “ताई, तुमचा भाव येतो तोवर आमचा टेम्पो गेलेला असतो. आदल्या दुपारी सांगा, म्हणजे माल तोडायचा की थांबायचं ते ठरवता येईल. त्याचे देईन पैसे.” मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

यादीत अप्पांचाही नंबर होता. मीच घातला होता.

“महिन्याला किती द्याल?” मी विचारलं.

“तुम्ही मागाल तेवढे.”

“अप्पा, आडत्या तर फुकट सांगतो की भाव!”

“यंदा टोमॅटो लावलाच नाही गं. गुडघे साथ देत नाहीत.”

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. “मग भाव कशाला ऐकता?”

“चहाच्या वेळी तुझी आई फोन स्पीकरवर लावते. तुझा आवाज ऐकला की बरं वाटतं. एरवी तू कामात असतेस.”

फॉर्मवर मी त्यांच्या नावापुढे ‘पैसे देण्याची तयारी नाही’ असं लिहिलं. त्यांना भाव नकोच होता. मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

पुढे भाव दुपारी जायला लागले, पैसे देणारेही मिळाले. आवाज मात्र आता कॉम्प्युटरचा असतो. सकाळी बसमधून मीच घरी फोन करते. आई जेवणाचं विचारते, अप्पा इकडच्या उकाड्याचं. पुढच्या हंगामात काय लावणार, हे मी अजून विचारलेलं नाही. “काहीच नाही” म्हणाले तर, अशी भीती वाटते.