दादांची दोनशे ताटं

दादांच्या तेराव्यासाठी मी बेगम बाजारातून दोनशे कागदी ताटं आणली. चांगली चंदेरी, वरण गळू नये म्हणून प्लास्टिकचा थर दिलेली. वर घासाघीस करून पाण्याचे ग्लासही फुकट मिळवले, आणि या कर्तबगारीवर खूश होऊन तो गठ्ठा अंबरपेठेतल्या त्यांच्या घरात, नेमका त्यांच्या फोटोसमोर ठेवला. माझी बायको सुमन, म्हणजे दादांची धाकटी बहीण, भाजी निवडत बसली होती. तिनं गठ्ठ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, हे कुणाच्या घरी आणलात?" एवढंच म्हणाली. मागच्या खोलीत, पोत्यांत भरून, दादांची दोनशे स्टीलची ताटं होती…

दादा जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लोकांच्या पंगती सुधारायचे. गल्लीत कुणाकडे बारसं, वाढदिवस, सत्यनारायण निघाला की हा माणूस न बोलावता दारात हजर. कागदी ताटं आणू नका, माझी न्या. भाडं नाही, अनामत नाही. अट एकच. जेवणं झाली की घरातल्या पुरुषांनी ताटं घासायची, आणि ते दादा बघणार. पालथ्या बादलीवर बसून. काम बायकांवर ढकललेलं दिसलं की त्या घराला पुढच्या वेळी ताटं बंद. "साब, किनारे पे देखो, दाल रह गई," असं ते भल्याभल्या इंजिनिअरांना सांगायचे, आणि तेही निमूट परत घासायचे. आमच्या वास्तुशांतीला मीही सोवळं खोचून मोरीत बसलो होतो. येणारे-जाणारे पाहुणे डोकावून "छान चाललंय, जावईबापू" म्हणत होते. वीस वर्षं हा छळ चालला.

चिडून मी कितीदा विचारलं, "दादा, तुमच्या दोनशे ताटांनी मूसी नदी साफ होणार आहे का?"

"नाही होणार."

"मग कशाला करायलात हे?"

"मग काय, ती साफ होईपर्यंत बसून राहू?"

आता हे उत्तर झालं का? एकदा एक वार्ताहर मुलगी आली, तिला त्यांनी पर्यावरणावर तासभर ऐकवलं. शेजारच्या लक्ष्मीअम्मांना म्हणाले, घरात बसलं की बायको किराण्याला पिटाळते, त्यापेक्षा हे बरं. मला एकदा म्हणाले, "राग येतो हो, जावईबापू. लोक राग आला की भांडतात, मी ताटं देतो." दरवेळी नवं कारण! माणसानं काहीतरी एक ठरवून सांगावं की नाही?

शेवटची भेटही अशीच. आमच्या इमारतीत कुणाचं तरी बारसं होतं. भर दुपारी रिक्षातून पोती उतरवून दारात उभे. "जरा वरपर्यंत हात लावा." मी म्हणालो, गुडघा दुखायलाय. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं, मॅच रंगात आली होती. त्यांनी मास्तरांच्या नजरेनं माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, "जपा" म्हणाले, आणि पोतं खांद्यावर घेऊन जिना चढले… दहा दिवसांनी वहिनींचा फोन आला. हृदयविकाराचा झटका. पोती उचलण्याशी त्याचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी दोनदा विचारून घेतलं.

तेराव्याला अर्थातच स्टीलची ताटं निघाली. ती पुसता पुसता सुमन सांगू लागली. आमच्या लग्नात ऐनवेळी ताटं कमी पडली, तेव्हा दादांनी गल्लीतल्या घराघरांतून गोळा केली आणि दुसऱ्या दिवशी ताटांवरची नावं वाचून परत करायला निघाले. "ज्या घरी जाईल तिथं बसवून घेतलं त्याला. माझी चौकशी, चहा, काहीतरी खायला. सकाळी गेलेला दादा दिवेलागणीला आला. म्हणाला, सुमे, एवढी घरं आपली आहेत हे ठाऊकच नव्हतं मला."

म्हणजे मी वर्षानुवर्षं जे विचारत होतो त्याचं उत्तर माझ्याच लग्नात घडलं होतं. तिथं मी नवरदेव होतो आणि मी फक्त जेवलो. बरं, हेच खरं कारण, याचीही खात्री नाही. दादा असते तर आणखी एखादं सांगून मोकळे झाले असते.

जेवणं आटोपली आणि लक्ष्मीअम्मा पुढे आल्या. "अब पलेटां किसकू पूछना? अगले इतवार नातिन का नामकरण है." दादांचा मुलगा चार दिवसांत परदेशी परत जाणार, वहिनींना पोतं उचलत नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझा हात सवयीनं गुडघ्याकडे गेला होता. "यांच्याकडे मागा," सुमन म्हणाली. मला न विचारता.

तर गेल्या रविवारी पोती मी वाहिली. लक्ष्मीअम्मांच्या अंगणात पालथ्या बादलीवर बसलो. त्यांचा जावई घासत होता, पण काय ते घासणं! चार ताटं बघवली, पाचव्याला बाह्या सरसावून मीच त्याच्याशेजारी बसलो. अम्मांनी दोघांना तिथंच चहा दिला, दादांच्या दोन गोष्टी सांगितल्या. एक मला माहीत नव्हती.

आता ती पोती आमच्या गॅलरीत आहेत, माझी आरामखुर्ची होती तिथं. त्या रविवारी संध्याकाळी दमून आलो, कुणीतरी शाबासकी देईल म्हणून उगाच तिथंच घुटमळलो. सुमननं पोत्यातून एक ताट काढलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि ते माझ्या हातात दिलं.

"कडेला डाळ राहिलीय," ती म्हणाली. "आणि काय हो, गुडघा बरा दिसायलाय."