धावपट्टी दिसली नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार साखऱ्याच्या शाळेतल्या कांबळेबाईंचे. फळा दिसत नसताना मी पाठ केलेलंच वाचून दाखवायचो. ते बाईंनी ओळखलं आणि हिंगोलीला नेऊन मला चष्मा करून दिला.

त्यांच्या निरोप समारंभात बोलायला मी विमानानं निघालो. नांदेडला धुकं होतं. विमान उतरता उतरता एकदम वर उठलं आणि हैदराबादला गेलं. समारंभ हुकला.

उतरताना दाराशी पायलट उभा होता. पन्नाशीचा, टोपी काखेत. प्रत्येकाची शिवी ऐकून तो मान वाकवत होता.

मी ओरडलो, "आता मशीनच उतरवतं न्हाई का विमान? तुमी काहून घाबरले?"

तो मराठीत म्हणाला, "मशीननं बरोबर खाली आणलं होतं, दादा. पण शेवटी धावपट्टी माझ्या डोळ्यांना दिसावी लागते. नाही दिसली."

"भित्रा!" मी म्हणालो. मागचे हसले. त्यानं माझ्यासाठीही मान वाकवली.

हैदराबादहूनच बाईंना पत्र टाकलं:

"बाई, मी पोहोचलो नाही. पायलटला दिसलं नाही आणि त्यानं तसं सांगितलं. मी त्याला सगळ्यांसमोर भित्रा म्हणालो. तेव्हा माझ्या डोळ्यांवर चष्मा होता."